सासूबाईंचा कॉम्प्युटर आणि जावईबापूंचा हातगुण

सासुरवाडीत जावयाने काय वाटेल ते मागावं. चहा दुसऱ्यांदा मागावा, उशीखाली आणखी एक उशी मागावी, पंखा आपल्याकडे वळवून मागावा. फक्त स्क्रूड्रायव्हर मागू नये. तो मिळतो, कारण जावयाला नाही म्हणायची पद्धत नसते, आणि त्यानंतर जे होतं त्याची जबाबदारी घ्यायला घरात कोणी सापडत नाही.

आमच्या जावईबापूंनी तो सकाळी सकाळी, चहाचा कप हातात असतानाच मागितला. सुट्टीला म्हणून बायकोबरोबर आले होते. मागच्या खोलीत सासूबाईंचा कॉम्प्युटर होता, त्याच्यासमोरून ते सहज चालले होते. ‘सहज’ या शब्दाने आजवर किती संसार उधळलेत याचा कोणीतरी शोध घ्यायला हवा.

हा कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढी पेटी, तिच्यावर घुमटासारखा फुगीर पडदा आणि पडद्यावर हिरवी अक्षरं. सासूबाई ऑफिसात अख्ख्या विभागाची यंत्रं सांभाळत. ऑफिसने ती जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा त्यांनी आपलं यंत्र हट्टाने घरी आणलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी विणकामाचा वर्ग काढला आणि विणीचे सगळे नमुने या यंत्रात भरले. सुलट टाक्याला फुली, उलट टाक्याला टिंब. शेजारचा प्रिंटर कर्रर कर्रर करत त्या फुल्या-टिंबांच्या लांबलचक पट्ट्या बाहेर ओकायचा आणि वर्गातल्या बायका त्या पट्ट्या मांडीवर घेऊन विणायच्या. सध्या सगळा वर्ग मिळून एक भलंमोठं ब्लँकेट विणत होता. प्रत्येकीकडे एक चौकोन. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यात हे ब्लँकेट मधोमध टांगायचं ठरलं होतं. चौकोन होत आले होते. ते एकमेकांना जोडणाऱ्या किनारीचा नमुना तेवढा छापायचा राहिला होता, आणि तो होता या पेटीत. दुसरीकडे कुठेही नव्हता.

तर सासूबाईंनी बटण दाबलं. यंत्राने एक कळवळल्यासारखी शिट्टी मारली आणि पडद्यावर तक्रार उमटली. सासूबाईंनी पडद्याकडे न बघताच टक् टक् टक् काहीतरी टाइप केलं आणि यंत्र मुकाट कामाला लागलं.

‘‘आई, हे रोज असं करावं लागतं?’’ जावईबापूंनी विचारलं.

‘‘हो. बॅटरी संपलीय ना आतली. त्याला सकाळी काही आठवत नाही. तारीख घालायची, आणि एक—’’

‘‘म्हणजे तुम्ही रोज हाताने तारीख घालता? छे छे. मी बघतो.’’

सासूबाई म्हणाल्या, ‘‘कशाला उगीच, सवय आहे मला.’’ जावयाशी बोलताना याहून जोरात नाही म्हणता येत नाही. बायको मात्र स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘अहो, हात लावू नका हं त्याला!’’ पण नवऱ्याने बायकोचं ऐकलं असतं तर विनोदी कथा लिहिणाऱ्यांनी पोट कशावर भरलं असतं?

इथे जावईबापूंच्या ज्ञानाविषयी दोन शब्द सांगायला हवेत, दोनच पुरतील. ऑफिसात ते कॉम्प्युटर विभागात होते. म्हणजे कोणाची तक्रार आली की ती कंपनीला कळवायची, कंपनीचा माणूस आला की त्याच्यामागे हात बांधून उभं राहायचं आणि तो उठला की ‘‘झालं?’’ असं विचारायचं. हे काम त्यांनी इतकी वर्षं इतक्या मन लावून केलं होतं की आपल्यालाच ते येतं असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. त्यात लबाडी नव्हती. लबाड माणूस स्क्रूड्रायव्हर मागत नाही.

पेटी उघडली. आत इतकी धूळ होती की जावईबापूंना लागोपाठ शिंका आल्या आणि शिंकांनी धूळ आणखी आत गेली. एका कोपऱ्यात बॅटरी सापडली. गोळीच्या आकाराची, निळी, आणि तिच्यातून हिरवट बुरशीसारखं काहीतरी ओघळलेलं. ती काढता येण्यासारखी नव्हती, आतल्या सर्किटच्या पट्टीला डाख देऊन बसवलेली होती. जावईबापूंनी ती पकडीने कापली. मग न्हाणीघरातला एक जुना दिसणारा टूथब्रश आणून ते हिरवं खसाखसा घासलं. तो जुना दिसत असला तरी सासरेबुवांचा चालू टूथब्रश होता. सासरेबुवांना दुपारी कळलं, पण ते पेपरामागून एवढंच म्हणाले, ‘‘असू द्या. जावईबापूंनी वापरलाय म्हणजे काही कारण असेल.’’

बॅटरी घेऊन ते दुकानात गेले. दुकानदाराने ती चिमटीत धरली, उजेडात फिरवली आणि म्हणाला, ‘‘साहेब, ही कुठे खणलीत?’’ अशी बॅटरी मिळणं कधीच बंद झालं होतं. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल देऊ का, असं त्याने विचारलं, आणि जावईबापूंना तो अपमान वाटला. ते रिकाम्या हाताने परतले.

शहाणा माणूस इथे पेटी बंद करून हात धुतो. पण रिकाम्या हातांनी परतलेला जावई फार धोकादायक असतो. पेटी उघडीच आहे, तर तिचं पिवळं पडलेलं प्लास्टिक तरी पांढरं करून टाकू, असं जावईबापूंच्या मनाने घेतलं. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की केस भुरे करायचं क्रीम प्लास्टिकला फासून उन्हात ठेवलं की ते नव्यासारखं होतं. तेव्हा ते पार्लरमध्ये गेले. जावईबापूंच्या डोक्यावर केस असे नव्हतेच, कानांवर काय उरले होते तेवढेच. काउंटरवरच्या मुलीने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, मग क्रीमच्या मोठ्या डब्याकडे पाहिलं. ‘‘सर, लहान पॅकसुद्धा मिळतं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘कॉम्प्युटरला लावायचंय,’’ जावईबापू म्हणाले. हे खरं असूनही ते बोलल्यावर सगळं पार्लर गप्प झालं.

गच्चीवर पेटीचे तुकडे मांडले, क्रीम फासलं, वर स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक गुंडाळलं. शेजारी चाळणीत की-बोर्डची सगळी बटणं धुऊन वाळत घातली. एवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी वर आले. गच्चीवर कपडे आणि धान्य वाळवायला परवानगी आहे, पण रासायनिक प्रयोगांना लेखी अर्ज लागतो, असं त्यांनी सांगितलं. जावईबापूंनी अर्ज लिहिला. मग कळलं की ते इमारतीचे सभासद नसल्यामुळे त्यांना अर्ज करता येत नाही. सासरेबुवांनी त्याखाली सही केली. मग कळलं की सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांची हरकत नाही असं त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवं, आणि ते गावाला गेले होते. हे सगळं होईपर्यंत ऊन फिरलं, वारा सुटला, प्लास्टिक उडालं आणि क्रीम वाळून पापुद्रे झालं. पेटी खाली आणली तेव्हा ती पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यापट्ट्यांची झाली होती. रंगाऱ्याने भिंतीला पहिला हात मारून जेवायला जावं आणि परत येऊच नये, तशी.

सासूबाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. ‘‘छान दिसतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वेगळं.’’

बटणंही परत बसवली. त्यातली बरीचशी चुकली, पण सासूबाई टाइप करताना बटणांकडे कधी बघतच नसत, त्यामुळे त्यांना फरक पडला नाही. फरक पडला तो जावईबापूंना. ते एकेक अक्षर शोधून मारणारे.

आता मात्र त्यांना अपराधी वाटायला लागलं होतं, आणि अपराधी वाटणाऱ्या माणसाला आणखी मोठं काम अंगावर घ्यायची खुमखुमी येते. त्यांनी जाहीर केलं की हे यंत्र माझ्या लॅपटॉपला जोडतो आणि सगळे नमुने सुरक्षित करून टाकतो. यंत्राच्या पाठीवर एक गोल पितळी तोंड होतं. ऑफिसात असताना ही यंत्रं त्यातून एकमेकांना जोडलेली असत. सासूबाई सांगू लागल्या, ‘‘त्या वायरीच्या दोन्ही शेवटांना बुचं लागायची, एक जरी निघालं तरी सगळ्यांचीच—’’

‘‘आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका,’’ जावईबापू म्हणाले.

मदतीला शेजारचे रेडिओकाका आले. त्यांनी एके काळी रेडिओ दुरुस्त केले होते, त्यामुळे वीज ज्यातून जाते त्या सगळ्यावर ते आपला हक्क मानत. लॅपटॉपला गोल तोंड नाही हे पाहून जावईबापू अडले, पण रेडिओकाका अडणाऱ्यांतले नव्हते. ‘‘वायर ती वायर,’’ ते म्हणाले. ‘‘एकीकडून दुसरीकडे जायचं हे तिला जन्मतःच माहीत असतं.’’ तशी जाड, गोल वायर बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या मागे होतीच. दोघांनी ती उपटली, सोलली, एक टोक यंत्राच्या पितळी तोंडात कोंबलं आणि दुसरं लॅपटॉपच्या वायरीला चिकटपट्टीने बांधलं. लॅपटॉपवर काही आलं नाही. मात्र वरच्या मजल्यांवरून एकदम ओरडा झाला. टीव्हीची तीच वायर पुढे वर जात होती, आणि वरती सगळे मॅच बघत होते.

सेक्रेटरी आले. या वेळी त्यांच्याबरोबर अर्धी इमारत होती. सासरेबुवा दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, ‘‘जावईबापू काम करतायत,’’ आणि प्रत्येक वेळी जावईबापूंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

वायर परत टीव्हीला लावली. पेटी बंद केली. जावईबापूंनी यंत्राचं बटण दाबलं. तीच शिट्टी, तीच तक्रार. त्यांनी दोन बोटांनी तारीख घातली, तीही तिसऱ्या खेपेला बरोबर आली, आणि पुढे चला म्हणून बटण मारलं. पडद्यावर हिरवी ओळ आली. डिस्क सापडत नाही.

त्यांनी बंद करून चालू केलं. डिस्क सापडत नाही. त्यांच्या पाचावर धारण बसली. नमुने गेले. किनार गेली. इतक्या वर्षांच्या फुल्या आणि टिंबं, सगळं गेलं. ‘‘करंट उलटा शिरला असणार,’’ रेडिओकाका हळूच म्हणाले आणि त्यांना घरी काहीतरी काम आठवलं.

नेमक्या त्याच वेळी वर्गाच्या बायका किनारीची पट्टी न्यायला आल्या. सुया, लोकर, पिशव्या घेऊन त्या खोलीच्या दारात गोळा झाल्या, आणि सगळ्यांच्या नजरा जावईबापूंवर. माणसाची परीक्षा अशाच वेळी होते, आणि जावईबापू तिच्यात सपशेल नापास झाले. ‘‘डिस्क गेलेली दिसतेय,’’ ते म्हणाले. ‘‘वयाने. माझ्या हात लावण्याने काही नाही झालेलं. या यंत्रांचं असंच असतं.’’

बोलले आणि लाजेने त्यांचे कान तापले. सासूबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बायकांकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि मिटलं. ‘‘असू द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दमला असाल. चहा टाकते.’’

बायकोने त्यांना बाजूला घेतलं. ‘‘अहो, आईला विचारा ना. ती रोज चालू करते ते यंत्र.’’

‘‘त्यात विचारायचं काय? तारीख तर घालतात त्या. मी घातली की.’’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पण कळसा सासूबाईंच्या काखेत असला तर जावयाला वळसाच सोयीचा वाटतो.

त्यानंतर घरात एक विचित्र युद्ध सुरू झालं. सासूबाई म्हणायच्या, ‘‘जावईबापू, जरा बाजारात फेरी मारून या, बरं वाटेल.’’ जावईबापू म्हणायचे, ‘‘नको, जरा बघतो अजून.’’ सासरेबुवांनी सिनेमाची तिकिटं आणली. जावईबापूंचं डोकं दुखायला लागलं. बायकोने मैत्रिणीकडे जायचा आग्रह धरला. त्यांनी तिला एकटीलाच पाठवलं. चोराच्या मनात चांदणं. आपण उठलो की कोणीतरी यंत्र लावणार, आणि आपण काय करून ठेवलंय ते उघडं पडणार, या भीतीने ते यंत्रासमोरची खुर्ची सोडायला तयार नव्हते. अंथरूणसुद्धा त्यांनी त्याच खोलीत घालून घेतलं. आंघोळ इतक्या घाईत उरकायचे की पाठीवर साबण तसाच राहायचा. सासूबाई दारातून डोकवायच्या, सुस्कारा टाकून जायच्या. तो सुस्कारा जावईबापूंना सुईसारखा टोचायचा. बिचारीचं आयुष्यभराचं काम आपण मारलं आणि ही माऊली एक शब्द बोलत नाही, असं वाटून त्यांना जेवणही जाईना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्यांना त्या खुर्चीवर कळलं.

शेवटी प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. गावातल्या मोठ्या दुरुस्तीच्या दुकानात विचारून येतो म्हणून ते बाहेर पडले. सासूबाईंनी त्यांच्यामागे दार इतक्या झटकन लावलं की त्यांच्या शर्टाचं टोक अडकता अडकता राहिलं.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसला. ‘‘साहेब, हे दुरुस्तीला नाही, संग्रहालयात न्या.’’ जावईबापू मान खाली घालून परतले. जिना चढत असतानाच त्यांना आवाज आला. कर्रर कर्रर.

मागच्या खोलीची खिडकी जिन्याच्या बाजूला होती. ते तिथेच थबकले.

‘‘दाराकडे लक्ष ठेव गं,’’ सासूबाईंचा आवाज. ‘‘ते यायच्या आत किनार छापून होऊ दे.’’

‘‘आई, तू त्यांना सरळ सांगून का टाकत नाहीस?’’ हा बायकोचा.

‘‘काय सांगू? की बॅटरी मेलेलीच होती, तुम्ही मेलेल्याला कापलंत? तारखेबरोबर डिस्कचा नंबरसुद्धा घालावा लागतो, सतरा, एवढंच? नाहीतर त्याला डिस्क आहे हेच ठाऊक नसतं. पण सगळ्या वर्गासमोर बोलून बसले ना, वयाने गेली म्हणून. आता मी तोंड उघडलं तर त्यांनी तोंड कुठे लपवायचं? जावई आहेत.’’

‘‘मग आता?’’

‘‘आता काही नाही. छापून झालं की नुसता पडदा बंद करते, यंत्र चालूच ठेवते. ते आले की म्हणायचं, एकदा शेवटचं बघा. ते पडदा चालू करतील, सगळं दिसेल. त्यांनाही बरं वाटेल. अगं, किती युक्त्या केल्या मी! पण घराबाहेर पडायलाच तयार नाहीत. पहाऱ्यावर बसल्यासारखे बसलेत.’’ मग त्या म्हणाल्या, ‘‘माणूस वाईट नाहीत गं. पण विचारत नाहीत.’’

जावईबापू जिन्यात उभे राहिले. एखाद्याने शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या घेतल्या असत्या, परतही केल्या असत्या. पण हे म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता, आणि तोंड दाबणारा हात त्यांचा स्वतःचाच होता. ते पाय न वाजवता खाली गेले, आणि मग खोकत, चपला आपटत पुन्हा वर आले.

घरात वर्ग जमलेला होता. सेक्रेटरीही होते, कारण ब्लँकेटात त्यांच्या बायकोचा एक चौकोन होता. रेडिओकाका होते, कारण ते सगळीकडेच असत. छापलेल्या पट्ट्या कुठे दिसत नव्हत्या. एका उशीचं पोट मात्र फारच फुगलेलं होतं.

‘‘आलात?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘जावईबापू, एकदा शेवटचं बघता का? तुमच्या हातगुणाने झालं तर झालं.’’

जावईबापूंनी पडद्याचं बटण दाबलं. हिरवी किनार झगझगीत उभी राहिली, फुल्या आणि टिंबं ओळीने. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सासरेबुवा म्हणाले, ‘‘मी म्हटलंच होतं.’’

‘‘पण केलंत काय नेमकं?’’ रेडिओकाकांनी विचारलं.

जावईबापूंनी घसा खाकरला. ‘‘ते… डिस्कची जरा लय चुकली होती.’’

‘‘हो,’’ सासूबाई गंभीरपणे मान हलवून म्हणाल्या. ‘‘लय चुकली होती.’’

ही मान हलली आणि जावईबापूंना ते सहन झालं नाही. ज्या बाईने ऑफिसातली अख्ख्या विभागाची यंत्रं सांभाळली, ती आपल्या थापेला, आपली लाज राखण्यासाठी, इतक्या बायकांदेखत होकार देत होती. त्यात सेक्रेटरी पुढे सरकले. ‘‘वा! मग आमच्या सोसायटीच्या ऑफिसातलंही एक बंद यंत्र बघाच तुम्ही,’’ त्यांनी म्हटलं, आणि बायका कौतुकाने बघायला लागल्या.

जावईबापूंनी हात पुढे केला आणि यंत्राचं मोठं बटण खटकन बंद केलं. खोलीत कोणीतरी ‘‘अगं बाई!’’ म्हणालं. त्यांनी ते परत चालू केलं. शिट्टी, तक्रार. त्यांनी काहीच न घालता पुढे चला म्हणून बटण मारलं, आणि सगळ्यांसमोर ती ओळ आली. डिस्क सापडत नाही.

‘‘हे मी दुरुस्त केलेलं नाही,’’ जावईबापू म्हणाले. ‘‘हे बिघडलंच नव्हतं. वयाने गेली म्हणालो तेही खोटं होतं, मला काही कळतच नव्हतं. आई, तो नंबर तुम्ही घाला. मला येत नाही. मला शिकवा.’’

बायकोने तोंडाला पदर लावला, हसायला की रडायला ते कळलं नाही. सासूबाई जावयाकडे बघत राहिल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी या माणसाला ‘‘बसा’’, ‘‘घ्या’’ आणि ‘‘असू द्या’’ याखेरीज फारसं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. मग त्या खुर्चीजवळ आल्या.

‘‘सरक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अरे, तिकडे नाही, इकडे बस माझ्या शेजारी. मी काय करते ते नीट बघ, आणि मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नकोस.’’

जावईबापू सरकले, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.